माझं आहे, उघडा

ज्या माणसाला गावातलं कुठलंही कुलूप किल्लीशिवाय उघडता येतं, त्याच्याच घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिले. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं माकणीहून भावाच्या हाती तीन कुलपं पाठवली. भाऊ पिशवी घेऊन आला तेव्हा घरमालक ओट्यावरच बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं, एकेक कुलूप कानाजवळ हलवलं आणि म्हणाले, "आईला सांगा, हे मधलं चांगलं हाय. बाकीची दोन शेळ्यांच्या गोठ्याला लावा."

मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, कारण मी भूमच्या शाळेत गणित शिकवते आणि तिथं शिक्षिकेला सगळे बाईच म्हणतात. काका एसटी डेपोतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली तरी खाकी रंग काही त्यांना सुटत नव्हता. भाजीची पिशवीसुद्धा खाकी. उंच, सडपातळ, कानांवर केस आणि बोटं इतकी लांब नि स्वच्छ की मला माझी लपवावीशी वाटायची. काकू जाऊन खूप वर्षं झाली होती. लेक बार्शीला दिलेली. घराचा पुढचा भाग माझ्याकडं, मागची एक खोली त्यांच्याकडं. त्या मागच्या खोलीत कुणाला जाताना मी कधी पाहिलं नाही.

खोली दाखवतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं. "एक आधी सांगतो. मला कुलपं उघडता येतात, बिगर किल्लीची. शौक हाय. तुमचं कधी उघडणार न्हाय. पण उद्या दुसऱ्याकडनं कळलं तर तुमाला वाटंल, काकानं लपवलं." नळाला पाणी कधी येतं ते त्यांनी त्यानंतर सांगितलं.

पहिल्याच महिन्यात मी किल्ली शाळेत विसरून आले. शाळा बंद झालेली, शिपाई गावी गेलेला. काका ओट्यावर पेपर वाचत होते. म्हटलं, "काका, उघडून देता का?" ते उठले, हात धुतले, पुसले, आतून एक खाकी पुडकं घेऊन आले आणि दारासमोर नुसतेच उभे राहिले.

"हात ठेवा कुलपावर," ते म्हणाले.

मी ठेवला.

"आता म्हणा. माझं आहे, उघडा."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. "अहो काका, घर तुमचंच आहे की."

"घर माझं. खोली तुमची. तुमी ऱ्हाता तवर कुलूप तुमचं. म्हणा."

मी म्हटलं. मी खांद्यावरची पर्स काढून ओट्यावर ठेवेपर्यंत कुलूप उघडलं होतं. मी बघितलंसुद्धा नाही. मग मी त्यांना ते परत लावायला लावलं, पुन्हा हात ठेवला, पुन्हा म्हटलं आणि या वेळी वाकून बघत राहिले. त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट एका वाकवलेल्या पट्टीवर टेकलेलं होतं आणि उजव्या हातातला टोक वळवलेला बारीक आकडा आत काहीतरी चाचपत होता.

"आत पिना असतात," ते म्हणाले. "हरेक पिन आपल्या उंचीला आणली की फिरतं. पण सगळ्या एकदम बसत न्हाईत. एक बसती, मग दुसरी बसायला तयार हुती. कोणती आधी, हे कुलपाकुलपाला वेगळं."

आता तुम्हीच सांगा, गणित शिकवणाऱ्या बाईला हे ऐकून चैन पडेल का? पाच पिना, एक अज्ञात क्रम, आणि उत्तर बरोबर आलं की ते हातात येतं! दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात क्रमचय नसतानाही क्रमचय शिकवला. पोरं एकमेकांकडं बघत होती. संध्याकाळी घरी येऊन मी काकांना म्हटलं, "मला शिकायचंय. हत्यारं कोणती घ्यायची तेवढं सांगा."

"आधी कुलूप घ्या," काका म्हणाले आणि पेपर उघडला.

---

हे "आधी कुलूप" प्रकरण तीन आठवडे चाललं. दर आठवडी बाजाराला काका मला भंगारवाल्याकडं न्यायचे. तिथं किल्ली हरवलेली कुलपं पोत्यात पडलेली असत. काका पोत्याजवळ उकिडवे बसून एकेकाच्या भोकात डोळा लावत. "पाय बघून चप्पल घ्यायची, बाई. तुमी आधी चप्पल घ्यायला निघालाय." कुठलं भोक रुंद, कुठलं नागमोडी, कुठल्यात आकडा वर उचलायला जागाच नाही, हे सगळं मला तिथं भर बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून समजलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आयांनी मला तिथं बसलेलं पाहिलं.

पण मला दम नाही. गणिताच्या पुस्तकातसुद्धा मी आधी मागची उत्तरं बघते. चौथ्या आठवड्यात मी काकांना न विचारता मोबाईलवरून चोवीस नगांचा संच मागवला. चामड्याचं पाकीट, चोवीस चकचकीत हत्यारं आणि वर एक पारदर्शक कुलूप, आतल्या पिना दिसणारं. फोटो मी दिवसातून दहा वेळा बघायचे. सापासारखी वळणं असलेली चार-पाच होती, तीच मला सगळ्यांत आवडली होती.

भूमला पार्सल घरी येत नाही. स्टँडजवळच्या दुकानात येतं आणि दुकानदार फोन करतो. त्या दुकानदारानं फोन शाळेत केला, कारण माझा लागत नव्हता, आणि तो उचलला मुख्याध्यापकांनी. खोक्यावर चित्र होतं. दुकानदारानं चित्राचं वर्णन केलं. मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं की गणिताच्या बाईंनी चोरीचं सामान मागवलंय. चित्रकलेचे सर म्हणाले, "बाई, आमच्या डब्याकडं तेवढं लक्ष ठेवू नका."

मी रडकुंडीला येऊन घरी आले. वाटलं, काका आता बोलतील. त्यांनी डोक्याला टोपी घातली, आपलं पुडकं घेतलं, माझं खोकं काखोटीला मारलं आणि म्हणाले, "चला, ठाण्यात."

इथं एक सांगायला हवं. खंडेनवमीला आपल्याकडं लोक ट्रॅक्टर पुजतात, शिलाई मशीन पुजतात, वजनकाटा पुजतात. काका पाटावर आपले आकडे मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहायचे आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तेच पुडकं घेऊन पोलीस ठाण्यात जायचे. जमादाराला आपट्याची पानं द्यायचे आणि टेबलावर एकेक हत्यार मांडून दाखवायचे. "ही माझ्याकडं हायत. गावात कुठं कुलूप फुटलं, तर आधी मला बोलवा." जमादार बदलायचे, काकांचा दसरा बदलायचा नाही.

त्या दिवशी दसरा नव्हता, म्हणून जमादार जरा दचकले. काकांनी माझं खोकं त्यांच्यासमोर उघडलं. "ह्या बाई. गणित शिकवतात. ह्यांनी हे मागवलंय, शिकायला. नोंद करा."

जमादार म्हणाले, "काका, अशी नोंदवही न्हाय आमच्याकडं."

"मग ध्यानात ठिवा."

जमादारांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि मान हलवली. मग हळूच म्हणाले, "काका, आलाच हाय तर, माझ्या स्कूटरची डिकी अडकलीय." बाहेर उन्हात गावचे जमादार स्कूटरच्या डिकीवर हात ठेवून, इकडंतिकडं बघत म्हणाले, "माझं आहे, उघडा." त्या क्षणी माझी सगळी लाज गेली.

---

मग खरी निवड झाली. काकांनी ती चोवीस हत्यारं ओट्यावर रांगेत मांडली आणि एकेक उचलून शहाबादी फरशीवर वीतभर उंचीवरून टाकलं. टण्ण वाजलं तर डावीकडं, बद्द वाजलं तर उजवीकडं. बद्दच जास्त वाजली. मग डावीकडची घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. "कडा बघा, कशी खरखरीत हाय. ही आत अडकती आणि तुमाला वाटतं, पिन बसली. हत्यारानं खोटं बोलू नये."

माझी लाडकी नागमोडी त्यांनी पहिल्या झटक्यात बाजूला सारली. मी विरोध केला. "काका, त्यानं लवकर उघडतं म्हणतात."

"उघडतं की. नुसतं खाजवायचं, कधीतरी उघडतं. पण कशानं उघडलं ते तुमाला कळत न्हाय."

उत्तर बरोबर पण रीत नसेल तर मार्क शून्य, हे मी स्वतः पोरांच्या वह्यांत लाल शाईनं लिहिते.

चोवीसमधून उरले दोन. एक आखूड आकडा, एक जरा लांब. कुलपाला वळवायचा ताण द्यायच्या पट्ट्या सगळ्याच बाद झाल्या, त्या दाबल्या की वाकायच्या. तर काका मला डेपोत घेऊन गेले. एसटीच्या वायपरच्या रबरात पोलादाची एक पातळ पट्टी असते. वायपर खराब झाला की ती भंगारात जाते. तिथल्या मेकॅनिकनं काकांना बघताच न विचारता मूठभर पट्ट्या आणून दिल्या. एक काकांनी माझ्यासाठी वाकवली. दुसरी माझ्या हातात दिली, बरोबर कानस दिली आणि म्हणाले, "एक आकडा तुमी स्वतः करा. बाळंतपण केल्याबिगर लेकराची किंमत कळत न्हाय." माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, पण काका अशा बाबतीत फार विचार करत नसत.

मी आठ दिवस कानस घासली. तीन आकडे त्यांनी नापास केले. चौथा त्यांनी अंगठ्यावर फिरवला, फरशीवर टाकला, पुन्हा उचलला आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्याच्या मुठीला गुंडाळून दिला. तो तुकडा गुंडाळला जाताना मला जे वाटलं, ते नोकरीचा कागद हातात आला तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं. हा माझा पहिला संच: विकतचे दोन आकडे, घरचा एक, वायपरची एक पट्टी, आणि ते ठेवायला कंडक्टरच्या जुन्या शर्टाचं शिवलेलं पुडकं.

उरलेलं सगळं काकांनी खोक्यात भरलं. "हा कचरा मी टाकून देतो."

पारदर्शक कुलपाला मात्र त्यांनी आधी नाव ठेवलं, "आतलं दिसतंय, मग ऱ्हायलं काय?" आणि मग ते सहज म्हणून खिशात घातलं. दोन दिवस ते परत आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळी घालत होते, तर काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं लेकीला मुलगा झाला.

"बाई," ते म्हणाले, "मी जसं समजत होतो न, बिलकुल तसंच हाय आत."

चाळीस वर्षं हा माणूस बोटांनी जे ऐकत आला होता, ते त्यानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या चोवीस नगांचे सगळे पैसे तिथंच वसूल झाले.

---

शिकवायची त्यांची रीत त्यांच्यासारखीच. ताण किती द्यायचा हे समजावं म्हणून त्यांनी मला दह्याचं भांडं आणायला लावलं. "सायीवर बोट ठिवा. दाबा. साय मोडायची न्हाय." मोडली की दुसरं भांडं. त्या महिन्यात मी इतकं ताक प्याले की विचारू नका. माझा दोष त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखला होता. "तुमचा हात आधी पळतो, बाई. पिन बसायच्या आत तुमी दुसरीकडं निघता."

पहिलं कुलूप मी उघडलं ते पोत्यातलं, गंजकं. चार दिवस मानेला रग लागली होती. आत काहीतरी इतकं बारीक टिचकलं की ते ऐकू आलं की बोटाला समजलं, आजही सांगता येणार नाही. मग दुसरं. मग पट्टी अचानक माझ्या बोटाखालून फिरली. मी किंचाळले. शेजारचे गिरणीवाले पीठ लागलेल्या हातांनी धावत आले. काका त्यांना म्हणाले, "काही न्हाय, बाई पास झाल्या."

त्यांचा तो हात ठेवायचा नियम मात्र कशानंही वाकला नाही. एकदा मी दूध गॅसवर ठेवून शाळेत निघून गेले. जळका वास ओट्यापर्यंत आला. काकांना ते दार उघडायला दहा सेकंद लागली असती. त्यांनी शाळेत फोन केला. मला वर्गातून बोलावलं. मी म्हटलं, "काका, उघडा ना लवकर."

"तसं न्हाय. नीट म्हणा."

मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात ठेवून, सगळ्यांसमोर मला नीट म्हणावं लागलं. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत डबा उघडताना सगळे तेच म्हणतात. घरी आल्यावर मी काकांवर चिडले. म्हटलं, घर पेटलं असतं तर?

त्या दिवशी त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. डेपोत त्यांच्याकडं हरवलेल्या सामानाची खोली होती. बसमध्ये राहिलेल्या पेट्या-बॅगा तिथं यायच्या. पत्ता सापडावा म्हणून त्या उघडाव्या लागत, आणि कुलूप फुटू नये म्हणून काका उघडायला शिकले. सगळा हुन्नर तिथलाच. येरमाळ्याच्या यात्रेच्या गर्दीत एक पत्र्याची पेटी राहिली. काकांनी ती उघडली, दोन साक्षीदारांसमोर यादी केली. बाई पेटी न्यायला आली तेव्हा नियमाप्रमाणं खिडकीतून मोठ्यानं यादी वाचली. त्यात लहान मुलाची झबली होती, टोपरं होतं, कधी न घातलेलं. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. बाईबरोबर मूल नव्हतं.

"तिचं काही गेलं न्हाय," काका म्हणाले. "सगळं जागच्या जागी हुतं. सही केली अन् गेली. पण जाताना तिनं पेटीवर पदर घातला, बाई. बंद पेटीवर."

मी दुधाचं करपलेलं पातेलं घासायला घेतलं.

त्यानंतर मला एकच कुलूप खुणावत राहिलं: काकांच्या मागच्या खोलीचं. नाईट लॅच, दार ओढलं की आपोआप लागणारं, नीट निवडून आणलेलं. भूममधलं सगळ्यांत अवघड कुलूप तेच, हे ते स्वतःच सांगायचे, पण त्याला ते स्वतःसुद्धा कधी आकडा लावत नसत. "आपल्याच दाराचं उघडायला शिकलं की माणूस किल्ली जपत न्हाय." मी दर दिवाळीला विचारायचे, "काका, एकदा करून बघू?"

"न्हाय."

"का पण?"

"ते माझं हाय."

"मग म्हणा ना पुढचं."

काका पेपरची घडी करून आत निघून जायचे.

---

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. काका सकाळी सातला पेपर वाचून माझ्या दाराला अडकवतात, मी तो चहाबरोबर वाचते. त्या दिवशी नऊ वाजले तरी पेपर नाही. मागं जाऊन बघितलं तर पेपरवाल्यानं खोचलेला पेपर काकांच्या दारात तसाच. मी हाक मारली. आतून, खालून कुठूनतरी, फरशीवर बोटाची पेरं वाजली.

"पडलोय, बाई. पाय हलत न्हाय."

मी ओरडले तसे गिरणीवाले पहार घेऊनच आले. "सरका बाई, दोन दणक्यात पाडतो."

"पहार न्हाय," आतून आवाज आला. "मी दाराला टेकूनच पडलोय. फळी माझ्याच अंगावर यील."

खिडकीला गज. आतली कडी त्यांनी पहाटेच काढलेली होती, दार नुसतं लॅचवर होतं. किल्ली आत खिळ्याला, त्यांच्या हाताच्या वर. गिरणीवाल्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. आतला आवाज मधूनच बारीक होत होता, आणि मला कळत होतं की काका कण्हणं गिळतायत.

"बाई, तुमचं पुडकं आणा."

मी पळत जाऊन आणलं. लॅचसमोर गुडघे टेकले. पट्टी हातात घेतली आणि थांबले. सहा वर्षांची सवय होती.

"काका," मी म्हटलं, "म्हणा."

गिरणीवाले माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघायला लागले. "अहो, माणूस आत पडलाय, अन् तुमी म्हणा काय..."

आत काहीतरी सरकलं. मग दाराच्या अगदी तळाशी, माझ्या गुडघ्याच्या उंचीला, लाकडावर तळहाताची एक थाप आली.

"माझं आहे," काका म्हणाले. "उघडा."

विकतचा आकडा भोकातच जाईना, इतकी अरुंद फट. मी माझा काढला, घरचा, चौथ्या वेळी पास झालेला. तो गेला. पहिली पिन लगेच बसली. दुसरी बसली. माझे हात घामानं निसटत होते.

"साय मोडतीय, बाई," आतून आवाज आला. "मला ऐकू येतंय. सैल करा."

मी बोट सैल केलं. श्वास घेतला. चौथी बसली, पाचवी बसली, आणि लॅच फिरलं. फिरलं आणि जरासं जाऊन थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"फसवतंय ते. लबाड पिन हाय एक त्यात. मला दुकानदारानं सांगितलं हुतं. आता मागं यायला बघंल, येऊ द्या. पळू नका."

मी पळाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा पळाले नाही. पट्टीचा ताण केसभर सोडला, तसं कुलूप माझ्या बोटावर उलटं आलं, आणि आकड्याखाली तिसरी पिन हळूच वर सरकली. गिरणीवाले श्वास रोखून उभे होते. बाहेर कुठंतरी कोंबडा आरवत होता, सकाळचे साडेनऊ झाले असताना. मग टिचकलं, आणि लॅच पूर्ण फिरलं.

दार आम्ही चार-चार बोटं करत लोटलं. काका भिंतीकडं सरकत गेले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. त्यांनी माझ्याकडं बघून पहिलं काय विचारलं असेल?

"लबाड कोणती निघाली?"

"तिसरी."

"मला आपली चौथी वाटायची," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

गिरणीवाल्यांनी त्यांना पाणी दिलं, डोक्याखाली उशी दिली. मी उठले तेव्हा ती खोली पहिल्यांदा पाहिली. एक खाट, काकूंचा फोटो, भिंतीला एक फळी. फळीवर खाकी कापड अंथरलेलं, आणि त्यावर माझी हत्यारं. कचरा म्हणून त्यांनी नेलेली बावीसच्या बावीस. त्यांतल्या बऱ्याचशांच्या कडा पॉलिश पेपरनं आरशासारख्या घासलेल्या, मुठीला सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. ज्या वाकायच्या, त्या पट्ट्यांच्या जागी वायपरच्या नव्या पट्ट्या. माझ्या लाडक्या नागमोडीसुद्धा होत्या, सगळ्यांत शेवटी ठेवलेल्या. खाली फरशीवर एक स्टूल आडवं पडलं होतं आणि त्याच्याशेजारी पॉलिश पेपरचा तुकडा. भिंतीतल्या उंच कोनाड्यातून तो काढायला गेले आणि पडले.

मी तिथंच उभी राहून रडले. लपवलं नाही.

"ते बघू नका," काका डोळे मिटूनच म्हणाले. "अजून व्हायचंय ते."

ॲम्ब्युलन्स आली. बार्शीला न्यायचं ठरलं, लेक तिथंच होती. त्यांना स्ट्रेचरवर घेतलं, दाराबाहेर आणलं, तेवढ्यात त्यांनी हात वर करून माणसांना थांबवलं.

"दार लावा, बाई."

मी आत गेले आणि खिळ्यावरची किल्ली काढायला हात वर केला.

"ती ऱ्हाऊ द्या तिथंच."

"काका, माझ्याकडं नको का एक? तुमचे कपडे, चष्मा, काय काय लागेल. बाहेरून उघडायचं कसं मग?"

सोपं गणित चुकलेल्या पोराकडं मी जशी बघते, तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"कसं म्हंजे? पुडकं कुठाय तुमचं?"

मग त्यांनी स्ट्रेचरवरून हात लांब केला. दारापर्यंत तो पोचत नव्हता. मी दार त्यांच्याकडं ओढलं, तशी त्यांची बोटं लॅचला टेकली.

"एकदाच म्हणून ठिवतो," ते म्हणाले. "माझं आहे. लागंल तवा उघडा."

मी दार लावून घेतलं. किल्ली आत राहिली.